सुभेदारांचा साधा दोडका

सुभेदार लालासाहेब जगदाळ्यांना राग आला होता, आणि तो दोडक्यावर आला होता. माणसावर आलेला राग काढता येतो, सरकारवर आलेला चहाच्या टपरीवर ओकता येतो, पण दोडक्याला काय बोलणार? तो आपला मांडवावर लोंबत असतो. सकाळी बोटभर दिसतो, दुसऱ्या दिवशी हातभर होतो, आणि तोडला नाही तर जून होऊन माणसालाच अपराधी वाटायला लावतो.

फौजेतून आल्यावर लालासाहेबांनी पलूसला कॉलनीत घर बांधलं आणि घरामागच्या मोकळ्या जागेत दोडका, वांगी आणि थोडी मेथी लावली. ते त्याला मळा म्हणत. त्यांची मंडळी, विजयमाला, त्याला ‘तुमचं ते रान’ म्हणे. बांधावरून चिखल घरात येतो, डास होतात, वाळत घातलेल्या साडीला वेलाचे डाग पडतात, अशी तिची मोठी तक्रार होती. एक दिवस तिनं कुठंतरी पेव्हर ब्लॉकची चौकशी केली आणि नमुन्याचे तीन ब्लॉक आणून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी मांडून ठेवले. लालासाहेब रोज त्या ब्लॉकना ठेचकाळत आणि रोज त्यांना शिव्या देत.

त्यातच त्यांची लेक दीपमाला बाळंतपणाला आली. म्हणजे दिवस भरत आले, पण ती काही माहेरी आली नाही. जावई वीरधवल कोयनानगरला नोकरीला, आणि डॉक्टरांनी बजावलं की घाटाची वळणं आता पोरीला झेपायची नाहीत. तेव्हा लेक माहेरी येण्याऐवजी माहेरच पिशवी भरून लेकीकडं निघालं. निघताना विजयमालानं विचारलं, शेजारच्या रंगुबाईंना दोन वेळच्या जेवणाचं सांगून जाऊ का? लालासाहेबांना ते फार लागलं. मी काय कुणाच्या दारात ताट घेऊन उभा राहणारा माणूस वाटलो का, मळ्यातली भाजी तोडीन, हातानं शिजवीन आणि खाईन, असं ते छाती काढून म्हणाले. विजयमाला हसली. मोठ्यानं हसली असती तर भांडता आलं असतं, ती नुसती नाकातल्या नाकात हसली.

“बरं,” ती म्हणाली. “मी यायच्या आत परसातली एक तरी भाजी स्वतःच्या हातानं शिजवून, ताटात वाढून, फोटो पाठवा. न्हाई जमलं तर आल्या आल्या त्या रानात ब्लॉक घालणार. मग कुरकुर चालायची न्हाई.”

लालासाहेबांनी कबूल केलं. मळा पणाला लागला तो असा.

शिवाय पोटाचं होतंच. पित्तानं त्यांची छाती जळायची, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिखट-तेलकट बंद करा, ताजी भाजी साधी करून खा. आता ‘साधी’ हा शब्द वाटतो तेवढा साधा नाही. आपल्याकडं जो तो स्वतःला साधा समजतो, तसंच भाजीचंही आहे. साधी म्हणजे कशी, हे पलूसमध्ये दहा घरी विचारलं तर दहाही घरी आधी चटणीचा डबा उघडतात. इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून डंकावर कुटलेलं लालभडक तिखट. ती एक चमचा घातली तर भाजी साधी, दोन घातली तर बरी आणि तीन घातली तर पाहुण्यांची.

विजयमालानं कोयनानगरला पोचल्यावर फोनवरून दोडक्याची रीत सांगितली. शिरा काढा, टाकू नका, त्यांची चटणी होते. तुकडा चाखून बघा, एखादा कडू निघतो. थोड्या तेलात जिरं टाका, लसूण ठेचून टाका, हळद टाका, मग दोडका. मीठ घाला, वर झाकण ठेवा आणि झाकणावर पाणी ओता. आत थेंबभर पाणी घालायचं नाही, दोडक्याला त्याचंच पाणी सुटतं. उतरवताना मूठभर दाण्याचं कूट घाला, झालं. लालासाहेब कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. थोडं तेल म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, अंदाजानं. मीठ किती? तेही अंदाजानं. ज्या माणसानं आयुष्यभर बंदुकीच्या गोळ्या मोजून घेतल्या आणि मोजून परत केल्या, त्याला ही बाई अंदाज शिकवत होती. आणि आत घालायचं नाही तर झाकणावर पाणी कुणासाठी, पाखरांसाठी? लालासाहेबांनी रागानं पेन्सिल कानावर अडकवली.

पहिल्याच दिवशी चूक झाली, आणि ती चांगुलपणाची होती. दोडके एका माणसाला खाऊन संपतील त्यापेक्षा जास्त निघाले, म्हणून त्यांनी त्यातले चार रंगुबाईंना दिले. रंगुबाई भिंतीपलीकडं एकट्या राहायच्या. जतकडच्या, हाडानं खणखणीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लालासाहेब त्यांना आक्का म्हणायचे. लालासाहेब अजून दोडक्याच्या शिरा काढण्याच्या खटपटीत होते तेवढ्यात आक्का स्टीलचा वाडगा घेऊन हजर झाल्या. त्यात त्याच दोडक्याची भाजी होती, पण दोडका कुठं आहे ते तवंग बाजूला करून बघावं लागत होतं. तुमच्या पित्तासाठी एकदम साधी केलीया, असं त्या म्हणाल्या. दारात आलेल्या अन्नाला नाही कसं म्हणायचं? लालासाहेबांनी खाल्ली, चव अशी की बोटं चाटावी, आणि रात्रभर छातीवर हात ठेवून ते पडून राहिले.

सकाळी वाडगा घासून ते परत द्यायला निघाले, तेवढ्यात विजयमालाचा फोन आला. तिनं ऐकलं आणि ती कळवळली. आवं, शेजारणीचा वाडगा रिकामा देत असतात व्हय? कायच नसलं तर चिमूटभर साखर घाला, पण रिकामा देऊ नका, बरं दिसत न्हाई. मग लालासाहेबांनी आपल्यासाठी ठेवलेली वांगी वाडग्यात घातली आणि देऊन आले. दुपारी ती वांगी भरून आली. पुन्हा वाडगा, पुन्हा तवंग, पुन्हा छातीवर हात.

इथवर एकच वाडगा होता. पण समोरच्या नाथाजींनी हे सगळं आपल्या ओट्यावरून बघितलं. नाथाजी एसटीचे रिटायर झालेले कंडक्टर. तिकीट नसलेला माणूस त्यांना लांबून कळतो आणि सल्ला नसलेला त्याहून लांबून. ते येऊन म्हणाले की दोडक्याला वरून पाणी घालताय तेच चुकतंय, दोडक्याला ताक घाला. मांडव उंच बांधायला पाहिजे होता. भाजी करायची तर लोखंडी तव्यात करा, नुसतं तेल-तिखट. एवढं सांगून ते दोन दोडके घेऊन गेले आणि त्यांच्या घरून वाडगा आला. मागच्या घरातली राजनंदिनी, नवीन लग्न होऊन आलेली, तिला वाटलं आपणच कशाला मागं राहायचं. तिनं मोबाईलवर बघून दोडक्याचं मंच्युरियन केलं. काका, यात कांदा-लसूण चटणी अजिबात नाही, असं ती कौतुकानं म्हणाली. नव्हतीच. त्यात सॉस होता, कोबी होता आणि लालासाहेबांना नाव न येणारं काहीतरी लाल होतं.

आता तीन वाडगे फिरायला लागले. मळ्यात जे तोडलं जायचं ते वाडग्यात जायचं, शिजून परत यायचं आणि वाडगा पुन्हा तोंड वासून उभा राहायचा. लालासाहेब स्वतःच्याच मळ्याचे पुरवठा अधिकारी झाले. शिजवायला म्हणून त्यांच्या हाती काही उरेना, आणि तिकडं विजयमाला रोज फोनवर विचारायची, फोटो कुठाय?

शेवटी त्यांनी एक दोडका राखून ठेवला. मांडवाच्या कोपऱ्यात दोन पानांच्या आड, कुणाला दिसणार नाही असा. उद्या तोडायचा आणि दार लावून शिजवायचा. दुसऱ्या दिवशी ते दूध आणायला गेले आणि परत येतात तर कोपरा रिकामा. नाथाजी ओट्यावरून म्हणाले की तुमचं ध्यान नव्हतं, तो दोडका जून व्हायला आला होता, मी तोडून रंगुबाईंना नेऊन दिला. करतील तुमच्यासाठी.  लालासाहेबांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

त्यांनी त्या दिवशी वेल पुन्हा धुंडाळला आणि खालच्या अंगाला लपलेले तीन कोवळे दोडके सापडले. दाराला कडी लावली, शिरा काढल्या, तुकडे केले, प्रत्येक दोडक्याचा तुकडा चाखला, तेल ओतलं, काडी ओढली, आणि गॅस भुस्स करून विझला. सिलिंडर संपला होता.

कनेक्शन विजयमालाच्या नावावर. नंबर लावायला फोन केला तर ओटीपी विजयमालाच्या मोबाईलवर, आणि तिला तिकडं रेंज यायची ती लेकीच्या घराच्या मागच्या पायरीवर उभं राहिलं तरच. ती पायरीवर जाऊन, ओटीपी वाचून, फोन करून सांगेपर्यंत त्याची मुदत संपलेली असायची. हे तीनदा झाल्यावर लालासाहेब स्वतः गॅसच्या ऑफिसात गेले. तिथली पोरगी म्हणाली, मॅडमचं केवायसी राहिलंय, त्यांचा चेहरा लागेल. लालासाहेब म्हणाले, मॅडम कोयनानगरला आहेत, मी त्यांचा नवरा, माझा चेहरा घ्या. पोरीनं मान वर करून त्यांचा चेहरा नीट बघितला आणि म्हणाली, हा चालत नाही.

लालासाहेब भर उन्हात चालत घरी आले. रागानं त्यांना सायकलसुद्धा ऑफिसातच राहिल्याचं आठवलं नाही. घरात ओट्यावर चिरलेला दोडका सुकत होता, आणि त्याच्या शेजारी घासून पालथे घातलेले ते तीन वाडगे. रंगुबाईंच्या वाडग्यावर त्यांच्या यजमानांचं नाव कोरलेलं होतं. लालासाहेबांना ती अक्षरं आपल्याला हसतायत असं वाटलं. बस झालं. आज हे वाडगे देऊन टाकायचे, आत एक वांगं नाही की मेथीची काडी नाही. विजयमाला साखर म्हणाली होती ना, साखर. त्यांनी डबा उपडा केला, तीन वाडग्यांत साखर घातली, डब्याच्या तळाला बोट फिरवायलाही काही ठेवलं नाही.

रंगुबाई सोप्यात गहू निवडत बसल्या होत्या. लालासाहेबांनी ताठ चालत जाऊन वाडगा त्यांच्यासमोर ठेवला.

“घ्या आक्का,” ते म्हणाले. “झाली एकदाची सुटका.”

आणि जागच्या जागी वळून निघून गेले. नाथाजींच्या घरी त्यांच्या मंडळींपाशी हेच वाक्य, राजनंदिनीपाशी हेच वाक्य. वाडग्यांतून सुटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

आता ज्याची लेक आज-उद्यावर आलीय असा बाप हातात साखर घेऊन दारात येतो आणि झाली एकदाची सुटका म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यानं काय समजायचं? हे लालासाहेबांना कुणी आधी विचारलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. पण ते तर परसात चूल मांडत होते. गॅस नाही तर नाही. चुलीला दगड लागतात, ते शोधताना त्यांची नजर दाराशी मांडलेल्या पेव्हर ब्लॉकवर गेली. तीनच होते आणि चुलीला तीनच लागतात. शत्रूच्या सामानावर स्वयंपाक करायचा या विचारानं त्यांना आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. वाळक्या वेलांचा जाळ केला, पातेलं चढवलं, तेल, जिरं, लसूण, हळद, दोडका. मिठाचा डबा हातात घेतला, तेवढ्यात फाटक वाजलं. कुणी परसात पोचायच्या आत त्यांनी पातेल्यावर घाईघाईनं झाकण ठेवलं आणि झाकणावर तांब्याभर पाणी ओतलं.

रंगुबाई पुढं, हातात जुन्या लुगड्याची दुपटी. मागं नाथाजी, त्यांची मंडळी, राजनंदिनी आणि कॉलनीतल्या अजून चार-पाच जणी. चूल बघून त्यांची खात्रीच पटली, आनंदाचं काहीतरी शिजतंय. नाथाजींनी सुभेदारांना मिठी मारली आणि सांगितलं की मी तासगाव डेपोला फोन करून सगळ्यांना कळवलंय. राजनंदिनी म्हणाली की काका, मी ग्रुपवर फुगे पण टाकले. मुलगा की मुलगी, ते तेवढं सांगा.

लालासाहेबांना काही उमजायच्या आत खिशातला फोन वाजला. विजयमाला होती आणि ती पायरीवर उभी असावी, कारण आवाज चांगलाच स्पष्ट येत होता. मी इथं पोरीच्या उशाशी बसलीया आणि तिकडं तुमी बाळ जल्माला घालून मोकळं झाला व्हय? तासगावच्या विहीणबाई सुलाबाईंचा फोन आला होता. त्यांना एसटीच्या माणसाकडून कळलं. नातवंड आमच्या घरचं आणि साखर पलूसला वाटली, आमाला परक्याकडनं कळायचं, असं त्या फाडफाड बोलल्या आणि रडत फोन ठेवला. आता त्यांना कोण समजावणार, तुमी का तुमचा दोडका?

फोन बंद झाला. लालासाहेबांचा बांध फुटला.

“काय झालेलं न्हाई,” ते ओरडले. “मूल झालेलं न्हाई.”

 रंगुबाईंच्या हातातली दुपटी खाली पडली. त्या चुलीजवळच मटकन बसल्या, डोळ्यांतनं धारा लागल्या, आणि पोरगी बरी हाय न्हवं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. बायकांनी पदर तोंडाला लावले. लालासाहेबांना आपण काय बोललो ते कळलं, आणि कळल्यावर त्यांना स्वतःचा, दोडक्याचा, सगळ्या जगाचा संताप आला. आणि त्या संतापात जे पोटात होतं ते सगळं बाहेर पडलं. पोरगी चांगली आहे, अजून व्हायचंय. सुटका माझी झाली, तुमच्या वाडग्यांतनं. डॉक्टर म्हणतो साधं खा, आणि तुम्ही माझाच दोडका माझ्याच छातीवर जाळून आणता. आठ दिवस मी झोपलेलो नाही. मला एक भाजी माझ्या हातानं करायची आहे, एक, आणि ती तुम्ही कुणी करू देत नाही.

नाथाजींनी सल्ला देण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. रंगुबाईंनी डोळे पुसले, दुपटी झटकून घडी केली.

“आवं, पयल्या दिशी सांगायचं न्हाई व्हय?” त्या हळूच म्हणाल्या. “एकल्या माणसाला चूल पेटवायचा कंटाळा येतो, हे मला म्हाईत हाय. म्हणून आणत हुते.”

त्यांनी कमरेची पुडी सोडली. वाडग्यातली साखर कागदात बांधून त्यांनी नैवेद्याला म्हणून बरोबर आणली होती. ती लालासाहेबांच्या हातात ठेवली.

“ही राहू द्या. खरी बातमी ईल तवा द्या.”

त्या गेल्या, त्यांच्यामागं एकेक करून सगळे गेले. लालासाहेब पुडी धरून चुलीपाशी उभे राहिले. त्यांना अजून रागच आला होता, पण तो आता कुणावर काढावा ते सापडत नव्हतं. त्यांनी झाकण काढलं. दोडका हिरवागार शिजला होता, आत थेंबभर पाणी न घालता त्यानं आपलंच पाणी सोडलं होतं, आणि झाकणावरचं पाणी पाखरांसाठी नव्हतं हेही कळलं. त्यांनी कूट घातलं, ताटात वाढलं आणि फोटो काढून विजयमालाला पाठवला. मळा वाचला होता. पण घास उचलावासा वाटेना.

ऊन कलताना पुन्हा फोन आला. या वेळी जावई होते. मुलगी झाली, दोघीही खुशाल आहेत, एवढं वीरधवलनं एका दमात सांगितलं. सुभेदारांनी फौजी आवाजात शाब्बास म्हटलं, फोन ठेवला आणि पायरीवर बसून घटकाभर डोळे पुसले. आधी तासगावला सुलाबाईंना स्वतः फोन लावला आणि त्या बोलतील ते सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच्या घरचा वाडगा काढला. साखर म्हणावी तर ती पुडी तेवढी घरात होती. वाडग्यात दोडक्याची भाजी भरली, वर पुडी ठेवली आणि भिंतीपलीकडं गेले.

“आक्का, खरी बातमी,” ते म्हणाले. “नात झाली.”

रंगुबाईंनी साखर तोंडात टाकली, लालासाहेबांच्याही तोंडात घातली. मग दोडक्याचा एक तुकडा उचलून खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिल्या. लालासाहेबांनी विचारलं, कशी झालीय? रंगुबाई वाडगा घेऊन आत गेल्या, चुलीवर काहीतरी चुर्रर्र झालं, आणि भाजीचा वाडगा त्यांनी बाहेर आणून दिला.

“चटणी न्हाई घातली. तेल बी न्हाई,” त्या म्हणाल्या. “नुसतं मीठ. तुमी इसरला हुता.”

घरी येऊन लालासाहेबांनी भाकरीच्या तुकड्याबरोबर ती भाजी खाल्ली, पार वाडगा पुसून. छाती जळली नाही. तेवढ्यात पायरीवरून विजयमालाचा फोन आला. ती आधी नातीचं नाक कुणासारखं आहे ते सांगत राहिली, मग म्हणाली, फोटो बघितला, दिसतीया चांगली. खरं सांगा, ही तुमीच केली का? लालासाहेब खोटं बोलू शकले असते. आठ दिवसांच्या हालांनंतर ते त्यांच्या हक्काचंही होतं.

“दोडका माझा,” ते म्हणाले. “मीठ रंगुआक्कांचं.”

 पलीकडून नाकातल्या नाकात हसल्याचा आवाज आला, तो त्यांनी ओळखला.

“मग ब्लॉक निम्म्यातच घालू,” ती म्हणाली.

लालासाहेब चडफडले. निम्मा मळा मिठापायी गेला होता. ते तणतणत उठले आणि वाडगा घासायला घेतला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घाईत अदलाबदल झाली, हा रंगुबाईंचा वाडगा, यजमानांचं नाव कोरलेला. आपला तिकडंच राहिला. म्हणजे हा परत द्यायचा, आणि साखर तर संपली. ते वाडगा घेऊन परसात गेले, वेलाची पानं बाजूला करत बघू लागले. अगदी वर, कुणाचाच हात न पुरलेला एक दोडका लोंबत होता. त्यांनी त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि तोडायला स्टूल आणायला गेले.